टाकी वर, काका खाली

ऑफिसातल्या मित्राची बदली बेंगळुरूला झाली आणि जाता जाता तो म्हणाला, माझी चार फुटी फिश टँक तू ने, पैसे नकोत, स्टँडसकट ने. फुकट म्हटल्यावर डोंबिवलीतला माणूस जे करतो तेच मी केलं, आधी हो म्हणून टाकलं आणि मग घरी येऊन टेपने जागा मोजली. जागा होती. प्रश्न बायकोने काढला, तोही मेथी निवडता निवडता, मान वर न करता, "पण हे एवढं पाणी स्लॅबला झेपणारे का?"

तोपर्यंत मला टाकी म्हणजे मासे वाटत होते, पाणी असं डोक्यातच नव्हतं. मग कागद घेऊन बसलो. चार बाय दीड बाय दोन फूट म्हणजे 12 घनफूट, एका घनफुटात 28 लिटरच्या वर, म्हणजे सगळं मिळून 340 लिटर, म्हणजेच 340 किलो. बरं, हे नुसतं पाणी. 10 एमएमची काच चौरस मीटरला 25 किलो भरते आणि टाकीला अडीच चौरस मीटरच्या वर काच लागते, धरा 65. मग तळाचे खडे, ते कुजल्यासारखं दिसणारं महागडं लाकूड, लोखंडी स्टँड, फिल्टर, झाकण, असं करत करत आकडा 500 किलोवर जाऊन टेकला. यात मासे धरलेले नाहीत. मासे सगळे मिळून पाव किलो. पाव किलो मालाला अर्धा टन बारदान!

"म्हणजे हॉलमध्ये एक म्हैस उभी केल्यासारखं," मी बायकोला म्हणालो, आणि नेमकी जिन्याकडची खिडकी उघडी होती. दुसऱ्या दिवशी वॉचमनने विचारलं, साहेब, तुमच्याकडे म्हैस येणार म्हणतात ते खरं का.

मग रात्री मोबाईलवर शोधाशोध. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 875 म्हणून एक स्टँडर्ड आहे, त्याच्या दुसऱ्या भागात लिहिलंय की राहत्या घराच्या खोलीचा स्लॅब डिझाइन करताना चौरस मीटरला 200 किलो वापराचं वजन, म्हणजे माणसं आणि सामान यांचं, धरायचं. आमची टाकी बसणार सहा चौरस फुटांवर, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरपेक्षा थोडं जास्त, आणि तिथे 500 किलो, म्हणजे हिशोब साडेचार पट वर गेला. हे रात्री साडेबाराला कळल्यावर माणूस काय झोपणार, मी उठून हॉलमध्ये गेलो आणि त्या जागेवर जरा हळू पावलं टाकून बघितली.

सकाळपासून सल्ले सुरू. समोरचे म्हणाले, अहो आमच्याकडे गणपतीत आरतीला 30 माणसं असतात, टाळ्या वाजवत, नाचत, काही झालं का? गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, पुण्यात एकांच्या जुन्या वाड्यात माडीवर धान्याची पोती असायची. आईचं म्हणणं सगळ्यात ठाम, पाणी ईशान्येलाच पाहिजे. आणि आमच्या घराची ईशान्य म्हणजे बाल्कनी.

शेवटी ताईच्या यजमानांना फोन केला. आमचे भावोजी आरसीसी कन्सल्टंट आहेत, आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्लॅबला पडलेल्या भेगा बघून त्यांचा चेहरा कायम थोडा साशंक झालाय. रविवारी आले, पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा खाल्ले, आणि म्हणाले, "अरे ते 200 किलो अख्ख्या खोलीवर पसरून धरतात. तुझा हॉल 10 बाय 15, म्हणजे जवळजवळ पावणेतीन टन होतात. तू त्या अर्ध्या चौरस मीटरला का घाबरतोयस?" मला एकदम हायसं वाटलं, पण ते पुढे बोलतच होते. आरतीची 30 माणसं म्हणजे 1800 किलो, पण ती पसरलेली असतात आणि प्रसाद घेऊन घरी जातात, टाकी प्रसाद घेऊन जात नाही, ती तिथेच राहते, वर्षानुवर्षं, आणि सततच्या वजनाखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं. म्हणून स्लॅबच्या मधोमध ठेवायची नाही, भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, लांबी बीमच्या दिशेने ठेवायची. आणि नुसती भिंत बघून भागत नाही, चार इंची भिंत कधी कधी बीमशिवाय नुसत्या स्लॅबवरच उभी असते.

"आणि बाल्कनी?" आईने विचारलं.

भावोजींनी चमचा खाली ठेवला. बाल्कनीचा स्लॅब बाहेर लोंबता असतो, त्यात मुख्य सळया वरच्या अंगाला लागतात, आणि स्लॅब भरायच्या दिवशी घमेली घेऊन माणसं त्याच सळयांवरून ये-जा करतात, सळया खाली दबतात, वरून काँक्रीट पडलं की कुणाला काही दिसत नाही. "आई, ईशान्येला तुळस ठेवा," ते म्हणाले. आई आत निघून गेली.

आता बीम कुठेय ते बघायचं. बिल्डिंग 1998 ची, ड्रॉइंग बिल्डरकडे होती, बिल्डर कुठे आहे ते त्याच्या मुलालाही सांगता येत नाही. सगळे मजले सारखेच, तेव्हा स्वतःचं छत बघितलं तरी चाललं असतं, पण आम्ही दोन वर्षांपूर्वी हौसेने पीओपीचं खोटं छत करून घेतलंय. राहिलं एकच छत, खालच्या काकांचं. ज्या माणसाच्या डोक्यावर अर्धा टन ठेवायचा, त्याच्याच घरी जाऊन त्याच्याच छताकडे बघायचं!

काकूंनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "म्हशीचं बघायला आलात ना?" काकांचा दिवाण बरोब्बर त्या भिंतीला लागून. काका बँकेतून रिटायर, त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे मी झोपतो त्याच्यावर का?" मी म्हटलं, काका, त्याच्यावर नाही, म्हणजे त्याच्यावरच, पण बीम आहे मधे. भावोजी मान वर करून फिरत होते. नऊ इंची बीम होता, त्याच भिंतीवर, कॉलमपासून कॉलमपर्यंत, भेग नाही, ओल नाही. काका थोडे खुलले, काकूंनी चहा टाकला, आणि भावोजी सवयीने बाल्कनीचं दार उघडून बाहेर डोकावले.

डोकावले ते तिथेच थांबले. बाल्कनीत काळी 500 लिटरची टाकी, शेजारी दोन निळे ड्रम, 200-200 चे, तिन्ही काठोकाठ. पाणी कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून साठवण. बेरीज 900 किलो, म्हणजे जवळजवळ दोन म्हशी, लोंबत्या स्लॅबवर, आणि कठड्याच्या खाली एक आडवी भेग, जिच्यावर काकूंनी मनीप्लांट सोडला होता.

"काका, हे रिकामं करा. आजच."

"अहो इतकी वर्षं आहे, काही नाही झालं."

"पहिल्यांदा होतं तेव्हाही आधी काही झालेलं नसतं," भावोजी म्हणाले, आणि एवढं बोलून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, जो माणूस दोनदा पोहे खातो तो.

त्यानंतर सोसायटीत जे झालं ते मोठं आहे, थोडक्यात सांगतो. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या बिल्डिंगचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, आमचं कधीचं फायलीत होतं, ते काकांनीच मीटिंगमध्ये उभं राहून मंजूर करून घेतलं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी काकांशी महिनाभर बोलल्या नाहीत, कारण काकांच्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली, स्वतःच्या बाल्कनीत, त्या दुपारी केस वाळवत बसायच्या.

माझी टाकी बसली. आधी टाइल नाणं वाजवून बघितल्या, दोन पोकळ निघाल्या त्या बदलल्या, स्टँडखाली जाड प्लायवूड, टाकीखाली थर्माकोल, गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने लेव्हल, आणि शेजारचं लोखंडी कपाट बेडरूममध्ये. पण काकांनी हो म्हणताना एक अट घातली. त्यांचा साठा गेला, कुंड्या सुकायला लागल्या, आणि टाकीचं पाव पाणी दर आठवड्याला बदलावं लागतं हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं, ते माशांचं पाणी झाडांना चांगलं असतं म्हणे, तर ते त्यांना पोचवायचं. पाव म्हणजे 80 लिटर, चार बादल्या, दर रविवारी, जिन्याने. लिफ्ट आहे, चार माणसं, 272 किलो असं तिच्यात लिहिलेलंही आहे, पण बादल्या न्यायला सेक्रेटरी परवानगी देत नाहीत. ऑडिट होईपर्यंत वजनाची रिस्क नको म्हणतात.