वीस घोडे आणि एक गतिरोधक

आमच्या गावापासून आर्वीचा डांबरी रस्ता चार किलोमीटर दूर आहे, आणि मधल्या मुरमाच्या रस्त्यावर पावसाळ्यात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतात. अशा गावात राहून मी माझ्या जुन्या डिझेल गाडीची ताकद वाढवून घेतली, याचे सारे श्रेय नागपूरच्या भाच्याला आहे.

"मामा, इंजिनात ताकद भरलीच हाये, फक्त दाबून ठेवली हाये," असे सांगून त्याने स्टिअरिंगखाली लॅपटॉपची वायर खोचली आणि इंजिनाच्या संगणकाला डिझेल थोडे अधिक सोडण्याची व टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, दाब वाढवण्याची शिकवणी दिली. त्याच्या हिशेबाने ७५ अश्वशक्तीच्या तासाभरात ९५ झाल्या. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. म्हणजे वाढीव वीस घोडे दर सेकंदाला पंधरा क्विंटल कापूस मीटरभर उचलू शकत होते. यंदा माझ्या तीन एकरांत एवढा कापूस निघालाही नव्हता.

इथवर थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु ताकद वाढली की गाडीने जमीन धरून राहिले पाहिजे, असे भाच्याचे मत पडल्यामुळे आखूड आणि कडक स्प्रिंगही बसल्या, आणि गाडीच्या पोटाखालची १७० मिलिमीटरची जागा १३५ वर आली. सुटे भाग परवानगीवाचून असे बदलले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांचा दंड, प्रसंगी कैदही होऊ शकते, हे वकील मित्राने मला नंतर, चहा पिता पिता सांगितले.

टर्बो खऱ्या अर्थाने जागा होतो तो इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि मुरमाच्या रस्त्यावर माझा काटा बाराशेच्या वर सरकत नाही. त्यामुळे मी पैसे मोजून आणलेले घोडे गावात झोपूनच असत. जागे असत ते फक्त स्प्रिंग. मागच्या सीटवर बसलेली आई पहिल्याच फेरीत म्हणाली, "तुया बापाच्या दमनीत खाली कुटाराचं पोतं तरी राहे." दमनी म्हणजे बैलांची हलकी गाडी आणि कुटार म्हणजे भुसा.

ताकदीचा उपयोग झालाच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण पुलगावच्या रस्त्यावर कापसाने फुगलेल्या ट्रॅक्टरला तिसऱ्या गिअरमध्ये मागे टाकताना मला जो आनंद झाला, तो लपवण्यासाठी मला खिडकीबाहेर पाहावे लागले. पुढे हौसेने समृद्धी महामार्गावरही गेलो. तिथे मर्यादा १२० ची, आणि एवढा वेग माझी गाडी शिकवणीपूर्वीही गाठत होती.

खरी परीक्षा मारुतीच्या देवळापुढील गतिरोधकाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्याकडचा मात्र ठेकेदाराजवळ जेवढे काँक्रीट उरले तेवढा उंच आणि पायरीएवढा रुंद झाला आहे. चार माणसे बसली की गाडीचे पोट त्यावर टेकते आणि आतून दळण दळल्याचा आवाज येतो. म्हणून आता तो दिसला की आई न सांगता दार उघडते, पदर खोचते आणि पायी निघते. मी गाडी तिरपी करून एकेक चाक चढवत, उतरवत अंगणात पोहोचतो, तोवर तिने चुलीवर आधण ठेवलेले असते.