खलनायिकेला पुरण येत नाही

भाद्रपद लागला की संध्याकाळच्या मालिकांत एकच प्रसंग घडतो. घरात गौरी येतात, धाकटी सून पहिल्यांदाच नैवेद्य रांधते, आणि मोठी जाऊ चोरपावलांनी ओट्यापाशी येऊन पुरणात मूठभर मीठ टाकते. कॅमेरा तीनदा मिठाच्या बरणीवर, तीनदा तिच्या भुवईवर. नागपुरात हा भाग बघणं म्हणजे शिक्षाच आहे, कारण समोर बसलेल्या निम्म्या बायकांनी त्याच आठवड्यात पुरण घाटलेलं असतं. (गौरी हा शब्दही आमच्याकडे चालत नाही. आमच्या महालक्ष्म्या. भांडण इथूनच सुरू होतं.)

जाऊबाईंच्या दुष्टपणाबद्दल माझी काही तक्रार नाही. तिला स्वयंपाक येत नाही, हे मात्र बघवत नाही.

नैवेद्य आधी चाखत नाहीत, एवढं तिला बरोबर ठाऊक आहे. पण किलोभर डाळ आणि किलोभर गुळाच्या पुरणातलं मीठ पहिल्याच घासाला सापडतं आणि संशय थेट माणसावर जातो. पुरण बिघडवायला काही टाकावं लागतच नाही हो! शिजलेली डाळ चाळणीत नीट निथळू द्यायची नाही, बस. वाटीभर कट (म्हणजे डाळीचं पाणी) आत राहिला, वरून गुळाचं पाणी सुटलं, की घाईघाईत कितीही आटवा, झारा त्यात उभा राहत नाही. आमच्याकडे पोळीत कणीक नावाला आणि पुरण पोटभर, त्यामुळे लाटताना ते काठाकडे पळतं, पोळी तव्यावर फुटते, बाहेर आलेला गूळ जळतो आणि पुढच्या चार पोळ्या त्याच काळ्या डागाला चिकटतात. आळ कोणावरच नाही. सगळ्या म्हणणार, "यंदा डाळच बरी नाही आली बाप्पा!"

याहून सोपं म्हणजे, पुरण वाटायच्या वेळी सुनेला बोलण्यात गुंतवायचं. गरम पुरण यंत्रातून सरसर उतरतं; गार झालं की दांडा हलत नाही आणि फिरवणाऱ्याचा खांदा उतरतो. अर्थात घरात एखादी जुनी आत्याबाई असेल तर दोन्ही डाव फसतात. ती काही न बोलता पुरण जाड बुडाच्या पातेल्यात घालून परत मंद आचेवर ठेवते. मालिकेत अशी आत्याबाई नसते. असती तर महाएपिसोड दहा मिनिटांत आटोपला असता.

वेळेचं गणित तर विचारूच नका. महालक्ष्म्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ लागलं की निघतात. तीन दिवसांचा कारभार. मालिकेत त्या पंधरा-पंधरा दिवस उभ्या. ट्रायच्या (म्हणजे दूरसंचार नियामकाच्या) नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिराती, म्हणजे अर्ध्या तासात 24 मिनिटं उरली. त्यात कालचं परत दाखवायचं, उद्याचं आज दाखवायचं. नैवेद्याचं ताट दारापासून मुखवट्यापर्यंत पोहोचायला चार भाग लागतात. वडे मऊ पडले असतील हा विचार तिथे कोणाच्या मनात येत नाही.

आणि भांडायचं कशावरून, हेही चुकतं. मालिकेतली सासू "आपल्या घराण्याची दोनशे वर्षांची परंपरा" म्हणते आणि थांबते. परंपरा कोणती ते सांगतच नाही! खऱ्या सासवा तपशिलात जातात. फुलोऱ्यात, म्हणजे महालक्ष्म्यांच्या वर टांगायच्या तळणात, वेणी आधी टांगायची की फणी. लोखंडी स्टँडचा तो एक नटबोल्ट, जो दरवर्षी हरवतो, तो मागच्या वर्षी ठेवला कोणी. आंबिलीत गुठळ्या झाल्या तेव्हा ढवळणं सोडून फोन कोणी उचलला. सोळा भाज्या वेगवेगळ्या करायच्या की एकाच पातेल्यात. कोहळं, बरबटी, दोडकं, भेंडी करत पंधरापर्यंत गाडी येते आणि मग खरा प्रश्न पडतो : सांबार ही भाजी धरायची का? (सांबार म्हणजे कोथिंबीर. मुंबईच्या लेखकाने इथे इडली आणली असती.) पुण्याची जाऊ नेमकी आरतीच्या वेळी ब्याग घेऊन दारात उभी राहते आणि तिकीट मिळालं नाही म्हणते. रेल्वेचं बुकिंग 60 दिवस आधी उघडतं, हे घरातल्या प्रत्येकीला पाठ असतं. तोंडावर कोणी म्हणत नाही. नुसतं तिच्या पोळीवर तूप जरा कमी पडतं.

खरं तर या खलनायिकेवर इतके भाग खर्च करायची गरजच नाही. महालक्ष्म्यांच्या आठवडाभर आधी, तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी), नागपुरात मारबती निघतात, म्हणजे इडा पिडा घालवायला बायकांच्या रूपातले मोठे पुतळे. काळी मारबत 1881 पासूनची. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सगळं गाव रस्त्यावर असतं, सोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे असतात आणि त्यांच्या गळ्यात पाट्या. जाऊबाईंचाही एक बडग्या करावा. मिठाचा उल्लेख नको. पाटीवर एवढंच लिहावं : "हिला कट काढता येत नाही."