त्रिशंकू बघायला ऑस्ट्रेलियाचं तिकीट कशाला, काणकोणची बस पुरे

व्हॉट्सअ‍ॅपवर परत तो मेसेज फिरतोय: 'विषुववृत्ताच्या वर एक आकाश, खाली दुसरंच. भारतातून त्रिशंकू दिसत नाही. दक्षिणेतून ध्रुव, सप्तर्षी, मृग यातलं काहीच दिसत नाही. सगळ्यात तेजस्वी तारा ध्रुव.' आमच्या वाड्यावरच्या ग्रुपवर तर खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलीय.

आधी त्रिशंकू, म्हणजे सदर्न क्रॉस हा चार ताऱ्यांचा समूह, कारण सगळ्यात मोठी थाप तीच. गोवा साधारण साडेपंधरा अंश उत्तरेला, म्हणजे आकाशाचा दक्षिण ध्रुव (तारा नव्हे, ज्याभोवती तिकडचं आकाश फिरताना दिसतं तो बिंदू) आपल्या क्षितिजाच्या तेवढाच खाली, त्याच्याभोवतीचा साडेपंधरा अंशांचा गोल सोडला तर बाकी सगळं वर्षभरात कधी ना कधी वर येतंच. त्रिशंकूचा तळाचा तारा त्या ध्रुवापासून २७ अंशांवर. करा वजाबाकी, साडेअकरा अंश वर आला की नाही? हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे मुठीच्या जरा वर, आणि माथ्याचा तारा १७ अंशांपर्यंत जातो. मेच्या मध्यावर, आभाळ स्वच्छ असेल तर, रात्री साडेनऊच्या सुमारास काणकोणातल्या काब द रामकडच्या पठारासारखी दक्षिण मोकळी असलेली जागा गाठा (कळंगुटच्या दिव्यांत नादच सोडा), समोर पतंगासारखे चार तारे उभे दिसतील. डावीकडे जरा खाली मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे असले की तो त्रिशंकूच. मार्च-एप्रिलात उजवीकडे दिसणारा मोठा पण फिकट क्रॉस खोटा, त्याला बरेच जण फसतात. दिल्लीत मात्र तळाचा तारा वर येतच नाही, तेव्हा 'भारतातून' म्हणजे नक्की कुठून ते तरी लिहा रे.

ध्रुवाचं बरोबर आहे. विषुववृत्त ओलांडून थोडं खाली गेलं की तो गायब.

सप्तर्षींचं अर्धंच खरं. सिडनीहून त्यातला शेपटीच्या टोकाचा तारा मरीची जेमतेम सात अंश वर येतो आणि दुसऱ्या टोकाचा क्रतू अजिबात नाही, पण त्याच ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून सातही दिसतात. प्रश्न गोलार्धाचा नाही, अक्षांशाचा आहे.

आणि मृग? त्याच्या पट्ट्यातले तीन तारे जवळजवळ आकाशाच्या विषुववृत्तावरच आहेत, तो दोन्हीकडून दिसतो, फक्त तिकडून उलटा. आपल्याकडे घराघरांत कोणी ना कोणी बोटीवर असतं, त्याला विचारा ना, फॉरवर्ड कशाला करता.

तेजस्वीपणात ध्रुव पहिल्या चाळीसातही नाही. पहिला व्याध, दुसरा अगस्त्य, आणि हा अगस्त्य पक्का दक्षिणेतला असूनही फेब्रुवारीत रात्री नऊ-साडेनऊला गोव्यातून व्याधाच्या खाली, क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो.