क्लाउनफिश मुलाशी संसार थाटत नाही

खारघर-नेरूळच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: क्लाउनफिशची मादी मेली की तिचा नर मर्जीने मादी होतो आणि स्वतःच्या मुलाशीच संसार थाटतो, उभयलिंगी माशांना जोडीदार लागतच नाही, आणि हे सगळं समुद्रात सोडलेल्या रसायनांमुळे होतंय. खाली लोक 'घोर कलियुग' लिहितायत. ही त्या माशाची निव्वळ बदनामी आहे.

मर्जीचा इथे संबंधच नाही. हे मासे सी-ॲनिमोनवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या, डंख मारणाऱ्या फुलासारख्या समुद्री प्राण्यावर राहतात. एका ॲनिमोनवर सर्वांत मोठी ती मादी, तिच्याखालोखाल तिचा नर, मग वयात न आलेले लहान मासे. वरची जागा रिकामी झाल्याशिवाय खालच्याला बढती नाही. संशोधक पीटर बस्टन यांनी 2003 मध्ये दाखवलं की खालचे मासे स्वतःची वाढसुद्धा रोखून धरतात. आकाराने वरच्याची बरोबरी करू लागलं की तो हाकलून लावतो, आणि ॲनिमोनबाहेर शिकारी टपलेलेच असतात. मादी गेली तरच नर तिची जागा घेतो. मग परत नर होत नाही.

क्लीनर रास या माशात उलटा क्रम आहे. डी. आर. रॉबर्टसन यांच्या 1972 च्या अभ्यासात नर काढून घेतल्यावर दीड-दोन तासांत सर्वांत मोठी मादी नरासारखी दरडावू लागली, आणि दोन-अडीच आठवड्यांत तिच्यात शुक्रजंतू तयार झाले.

मुलाशी संसार ही तर शुद्ध थाप. अंड्यांतून निघालेली पिल्लं प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि दहाएक दिवसांनी मिळेल त्या ॲनिमोनवर उतरतात. त्यामुळे रांगेत उभा असलेला मासा सहसा बाहेरून आलेला असतो, त्या जोडीचं पिल्लू नसतो.

जोडीदार लागत नाही? कॅरिबियनमधला हॅमलेट मासा एकाच वेळी नर आणि मादी असतो, तरी संध्याकाळी जोडीदार गाठतोच. एकाने थोडी अंडी सोडायची, दुसऱ्याने फळवायची, मग पाळी बदलायची. सगळी अंडी एकदम कोणीच देत नाही. दिली तर समोरचा फायदा घेऊन पसार होईल. स्वतःची अंडी स्वतःच फळवणारा मासा आहे, पण तो अमेरिकेकडच्या खारफुटीतला, क्लाउनफिशसारखा प्रवाळातला नाही.

राहिली रसायनं. प्रदूषणाने माशांच्या प्रजननात बिघाड होतात हे खरं, पण ती वेगळी गोष्ट. क्लाउनफिशच्या नराच्या जननग्रंथीत अंडाशयाचा भाग आधीपासूनच असतो. दूर कशाला, दिवाळे गावच्या बाजारात मिळणारा आपला जिताडा घ्या. तोही आधी नर म्हणून वयात येतो, वाढला की मादी होतो. म्हणूनच मोठेमोठे जिताडे वेचून पकडले, की खाडीतून माद्याच जास्त जातात.