बर्फ हमखास, भरपाई हमखास? त्या व्हायरल मेसेजमधला एकेक मुद्दा

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी सोसायटीचा ग्रुप, मग शाळेचा, मग रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांचा आणि शेवटी सासरेबुवा. मथळा असा: ‘पुणेकरांनो, स्कीइंगला जाताय? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा.’ खाली मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी बरोबरची खूण. मेसेज म्हणतो की ख्रिसमसच्या सुट्टीत जा, बर्फ हमखास. काश्मीरमधल्या गुलमर्गचा गोंडोला (केबल कार) नवशिक्यालाही थेट शिखरावर नेतो, तिकीट तिथेच मिळतं. विमानाची तिकिटं तुकड्यातुकड्यांत काढा, स्वस्त पडतात. विमान रद्द झालं तर कंपनी दहा हजार रुपये आणि हॉटेल देतेच, उरलेलं विमा देतो. अगदीच अडकलात तर टॅक्सीने जम्मू गाठा. आणि ही कटकटच नको असेल तर सरळ स्वित्झर्लंड, तिथे कोणी अडकत नाही.

मी स्कीइंगमधला जाणकार नाही. बेचाळिसाव्या वर्षी शिकलो, अजून डावीकडचं वळण घेताना पोटात गोळा येतो. पण अडकण्याचा अनुभव दांडगा आहे, म्हणून लिहितोय. (सोबतचा फोटो गुलमर्गचा नसून उत्तराखंडातल्या औलीचा आहे. जोशीमठाहून औलीला जाणारा तो रोपवे जानेवारी 2023 मध्ये जमीन खचायला लागल्यावर बंद करावा लागला होता. सुरुवातच अशी.)

‘ख्रिसमसमध्ये बर्फ हमखास.’

मेसेज लिहिणाऱ्याने थंडी आणि बर्फ यांची गल्लत केली आहे. काश्मीरमध्ये 21 डिसेंबरपासून चिल्लई कलान सुरू होतो, चाळीस दिवसांची कडाक्याची थंडी. नळ गोठतात, दल सरोवराच्या कडेला बर्फाची साय धरते. पण डोंगरावर बर्फ साठायला नुसती थंडी पुरत नाही, ओलावा लागतो. तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांबरोबर येतो. ते आले तर दोन दिवसांत कमरेएवढा बर्फ, नाही आले तर महिनाभर कोरडं निळं आकाश. जानेवारी 2024 आठवून बघा. गुलमर्गच्या उतारांवर पिवळं गवत दिसत होतं आणि पर्यटक त्या गवतावर उभे राहून फोटो काढत होते. चांगला बर्फ पडला तो महिना सरता सरता.

पुढच्या हंगामाने तर दोन्ही रंग दाखवले. 2024 च्या डिसेंबर अखेरीस इतका बर्फ झाला की श्रीनगरची विमानं रद्द झाली. त्याच हंगामात फेब्रुवारीत मात्र गुलमर्गला बर्फच पुरेसा नव्हता, म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलून 9 मार्चला सुरू कराव्या लागल्या. सरकारी स्पर्धेला जिथे तारीख पाळता आली नाही, तिथे आपल्या चार दिवसांच्या पॅकेजची काय कथा!

मला विचाराल तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात बरा. तोवर दोन-तीन झंझावात येऊन गेलेले असण्याची शक्यता जास्त. घरात दहावी-बारावीचं कुणी असेल तर अर्थात हे बोलायचं नाही.

‘गोंडोला नवशिक्यालाही शिखरावर नेतो.’

नेतो. प्रश्न परत येण्याचा आहे. गुलमर्ग गाव सुमारे 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, 3,000 मीटरच्या थोडं वर, आणि दुसरा अफरवट डोंगराच्या अंगाखांद्यावर, 3,900 मीटरच्या वर. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारे उतार युरोपातल्यासारखे रोज रात्री यंत्राने दाबून गुळगुळीत केलेले नसतात. तो उघडा डोंगर आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. ही मंडळी नवशिकी नव्हती. नवशिक्याची जागा गावाजवळच्या बुटक्या उतारावर, जिथे पहिले दोन दिवस पडायला आणि पडल्यावर पायातल्या फळ्यांसकट उठायला शिकण्यातच जातात.

शिवाय वारा सुटला की दुसरा टप्पा बंद. आणि तिकीट तिथे गेल्यावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. ते ऑनलाइन काढायचं असतं, गर्दीच्या दिवसांचं आधीच संपतं.

‘तिकिटं तुकड्यात काढा’ आणि ‘विमान रद्द झालं तर दहा हजार मिळतातच.’

हे दोन मुद्दे मी एकत्र घेतो, कारण माझ्यावर ते एकत्रच कोसळले.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं गेलो होतो. परतीचं श्रीनगर–दिल्ली एका कंपनीचं, दिल्ली–पुणे दुसऱ्या कंपनीचं, दोन वेगळे पीएनआर. माणशी दीड हजार वाचवल्याच्या आनंदात मी होतो. निघायच्या आदल्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला. ज्याच्यासाठी गेलो होतो तोच बर्फ, इतका सुंदर की मुलगी जेवण सोडून बाहेर पळाली. रात्री वीज गेली, तिच्याबरोबर हॉटेलचं वायफाय. आम्ही बुखारीभोवती (लाकडाच्या शेगडीभोवती) शेकत बसलो आणि मी सगळ्यांना ऐकवत होतो की आपलं नशीब काय जोरावर आहे.

सकाळी खिडकीच्या निम्म्यापर्यंत पांढरं. गुलमर्ग ते तंगमर्ग अंतर तेरा किलोमीटर, पण असा बर्फ झाला की चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच चालतात आणि त्या दिवशी त्यांची रांग लागली होती. आमचा ड्रायव्हर वळणावळणावर उतरून साखळी ठोकून घट्ट करत होता, हातमोजे न घालता. तंगमर्गला पोचायला तीन तास लागले. श्रीनगर विमानतळावर पोचलो तेव्हा कळलं, विमान सकाळीच रद्द झालंय. कळवलं का नाही? कळवलं होतं की! बुकिंगला बायकोचा नंबर दिलेला, आणि तिचं सिम प्रीपेड. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, फक्त पोस्टपेड चालतं. ते सिम मी मनालीला चाललं तसं इथेही चालेल असं गृहीत धरलं होतं. रद्द झाल्याचा संदेश कुठेतरी हवेत फिरत राहिला आणि जिथे ओटीपी लागतो तिथे तर सगळंच ठप्प.

पहिल्या कंपनीने पुढच्या दिवसाचं विमान दिलं, तक्रार नाही. पण संध्याकाळी दिल्लीहून पुण्याला निघालेल्या दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने आम्ही तिघं नुसते ‘आलेच नाहीत’ असे प्रवासी. तिकिटं बुडाली, साडेसतरा हजार. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे विचारलं, ‘सर, एकाच तिकिटावर का नाही घेतलं?’ माणशी दीड हजार, हे उत्तर मी तिला दिलं नाही.

आता नियम काय म्हणतो ते बघा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी यंत्रणा, तिच्या नियमानुसार वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर तिकिटाच्या पैशांखेरीज भरपाई आहे: तासाभराच्या उड्डाणाला 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्याहून लांब असेल तर 10,000. पण या आकड्यांमागे ‘किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते’ असं शेपूट आहे. मेसेजने ते कापलं. त्याहून मोठी गाळलेली जागा म्हणजे हवामान, सुरक्षेचा धोका, राजकीय अशांतता, हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेला खोळंबा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागूच होत नाही. तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, इतकंच. हिवाळ्यात श्रीनगरचं विमान रद्द होतं ते बहुतेकदा हवामानामुळेच. म्हणजे जिथे भरपाईची गरज सगळ्यात जास्त, नेमकी तिथेच ती नाही. हॉटेलचीही आशा धरू नका.

त्याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या मला आधी माहीत असत्या तर बरं झालं असतं. जोडविमान चुकल्याची भरपाई तेव्हाच, जेव्हा दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर असतील. आणि बुकिंग करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई नाही. पुण्यातले कित्येक एजंट बुकिंगला सर्रास स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतात. तिकीट हातात आलं की पहिलं काम म्हणजे कंपनीच्या साइटवर जाऊन आपला नंबर आहे का ते बघणं, आणि तो पोस्टपेडच हवा.

कंपनीच्या चुकीने होणारा गोंधळ वेगळा. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्युटीच्या नव्या नियमांची तयारी कमी पडल्यामुळे देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली, तिथे हवामानाची ढाल पुढे करता येत नाही. पण त्याही आठवड्यात वेगवेगळ्या पीएनआरवाल्यांचे हाल जास्त झाले असणार, हे मी स्वतःच्या साडेसतरा हजारांवरून सांगतो.

आणि लोहगावहून निघतानाच डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं हिशेबात धरा. तुमचं दुपारचं विमान सकाळी दुसऱ्याच गावाहून दिल्लीला यायचं असतं. ते धुक्यात अडकलं की दिवसभराची माळ तुटते. पुण्यात लख्ख ऊन असलं तरी.

‘उरलेलं विमा देतो.’

कुठला विमा, ते मेसेज सांगत नाही. शेंगेन व्हिसासाठी (स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा व्हिसा) जो विमा सक्तीचा आहे तो किमान 30,000 युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा. सहल रद्द झाली तर तो काहीच देत नाही, त्यासाठीचं कलम वेगळं घ्यावं लागतं. स्कीइंग बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळात मोडतं आणि जादा हप्ता भरल्याशिवाय वगळलेलं असतं. भरला तरी आखलेल्या उतारांबाहेर गेलात तर हात वर. वादळाचा इशारा जाहीर झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या वादळाला चालत नाही. युद्धही बहुधा वगळलेलं असतं. मे 2025 मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले 32 विमानतळ काही दिवस बंद ठेवले होते, श्रीनगर त्यात होतंच. तेव्हा अनेकांनी पॉलिसीचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं.

‘स्वित्झर्लंडला कोणी अडकत नाही.’

जानेवारी 2018 मध्ये झेरमाटला सुमारे 13,000 पर्यटक अडकले होते. हिमस्खलनाच्या धोक्यामुळे रस्ता बंद, रेल्वेही बंद. काहींना हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. कारण तेच, भरपूर बर्फ. आणि बर्फ नसण्याची हमी तिथेही नाही. 1 जानेवारी 2023 ला आल्प्सच्या उत्तरेला पारा वीसच्या वर गेला, कमी उंचीवरच्या कित्येक गावांना उतार बंद करावे लागले.

फरक आहे तो अडकल्यावर. युरोपियन युनियनमधल्या किंवा स्वित्झर्लंडच्या विमानतळावरून निघणारं विमान हवामानामुळे रद्द झालं तर तिथेही रोख भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि हॉटेलची जबाबदारी कंपनीवर राहते. 2010 च्या आइसलँडच्या ज्वालामुखीनंतर कंपन्यांनी यातून सुटायचा प्रयत्न केला होता. युरोपच्या न्यायालयाने 2013 मध्ये ती पळवाट बुजवली.

बर्फही हवा आणि अडकण्याची भीती कमी हवी, तर मोठ्या शहराला चिकटून असलेला डोंगर बघावा. कझाकस्तानातल्या अल्माटीपासून शिमबुलाक जेमतेम पंचवीस किलोमीटर. मुक्काम शहरात करायचा, सकाळी वर जायचं. भारतीयांना 14 दिवस व्हिसा लागत नाही. मात्र एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर दिल्लीहून तिथे जाणारी भारतीय कंपनीची उड्डाणं थांबली होती, हेही सांगून ठेवतो.

‘अडकलात तर टॅक्सीने जम्मू गाठा.’

हा सल्ला देणाऱ्याने नकाशा पाहिलेला नाही. विमान थांबवणारा बर्फ महामार्गाला सोडत नाही. डिसेंबर 2024 च्या त्या बर्फात जम्मू–श्रीनगर रस्ता बंद होता, गाड्या बोगद्याच्या आसपास रात्रभर उभ्या होत्या आणि बनिहाल–बारामुल्ला रेल्वेही थांबली होती. गांदरबल जिल्ह्यात गावकऱ्यांनी मशीद उघडून पंजाबहून आलेल्या पर्यटकांची झोपायची सोय केली. याच रस्त्यावरचा रामबनचा टप्पा तर नुसत्या पावसानेही दरडी टाकतो.

जून 2025 मध्ये जम्मूजवळच्या कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत रेल्वे सुरू झाली. तीन तासांत सोडते, हा खरा बदल आहे. पण रस्ता बंद झाल्या दिवशी ती सगळ्यांनाच हवी असते. त्यामुळे आमचं आता ठरलंय की शेवटची रात्र गुलमर्गला काढायची नाही, आदल्या दिवशी श्रीनगरला उतरायचं. राखीव दिवस डोंगरावर नाही, विमानतळाजवळ ठेवायचा. उन्हात तो फुकट गेल्यासारखा वाटतो. मग दलच्या काठावर कहवा पीत बसायचं.

सासऱ्यांना मी हे सगळं फोनवर ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला: फेब्रुवारीतली जम्मू–पुणे झेलम, चार बर्थ, कन्फर्म. खाली लिहिलं होतं, ‘विमान उडणार असं दिसलं तर आधीच रद्द करू, थोडे पैसे कापतात. पोळी-भाजी मात्र श्रीनगरहूनच बांधून घ्यावी लागेल, दोन रात्रींचा प्रवास आहे.’