लिंच सिंड्रोमवर अजून लिहा
मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरच्या तुमच्या लेखात एपीसी, मग केरास, पुढे पी५३ ही जनुकं एकामागून एक बिघडत जाण्याचा क्रम छान उलगडलाय. फिअरन आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेलं हे चित्र आजही उपयोगी पडतं. पण लिंच सिंड्रोमला, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या या कर्करोगाच्या धोक्याला, एकच ओळ? तिथे मुळात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी एमएलएच१, एमएसएच२ सारखी जनुकंच बिघडलेली असतात. पेशी दुप्पट होताना झालेल्या चुका तशाच साठत जातात आणि साध्या पॉलिपचा (आतड्यातल्या छोट्या गाठीचा) कर्करोग व्हायला एरवी दहाएक वर्षं लागतात, ती इथे दोन-तीनवर येऊ शकतात. आमच्या मावशीला पंचेचाळिशीत हा कर्करोग झाला, मामाला त्याआधीच. बायोप्सीच्या तुकड्यावर एमएसआय तपासणी (डीएनएतल्या अशा साठलेल्या चुकांच्या खुणा शोधणारी) होते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारे उपचार) लागू पडेल का, याचा अंदाजही या तपासणीवरूनच येतो. कृपया यावर सविस्तर लिहा.