आमच्या वर्कशॉपविषयी आपण दिलेल्या दोन स्टारच्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी दोनदा वाचला, सोबतचे फोटो मोठे करून पाहिले आणि आमच्या रजिस्टरमधले आपल्या मशीनचे पान समोर ठेवून हे उत्तर लिहीत आहे. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे. ७० सीसीची चेनसॉ आपण पोर्टिंगसाठी (सिलिंडरमधल्या हवा-धुराच्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, कापून ताकद वाढवण्यासाठी) शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये दिली. दहा दिवसांचा वायदा असताना बावीस दिवस लागले. ६,५०० रुपये घेऊनही ताकद किती वाढली याचा आकडा आम्ही दिला नाही, आणि आजऱ्याकडे कामाला लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकला. तिथल्या मेकॅनिकने मशीन उघडून "पोर्ट फार मोठे कापलेत" असे सांगितले. हेच काम एका दिवसात, २,००० रुपयांत करून देणारा दुसरा कोणी निवडला असता तर बरे झाले असते, असे आपण शेवटी लिहिले आहे.

उशिराबद्दल माझ्याकडे बचाव नाही. सिलिंडरचा तळ लेथवर घ्यायचा होता आणि लेथवरचा आमचा माणूस जोतिबाच्या चैत्री यात्रेला गेला, तो आठवडाभराने परतला. कोल्हापुरात राहून यात्रा कधी आहे हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय मला नाही. वायदा करतानाच तो हिशेब धरायला हवा होता, आणि निदान दहाव्या दिवशी आपणहून फोन करायला हवा होता. तो केला नाही, याबद्दल दिलगीर आहे.

पिस्टनचे मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण तिथे आपल्या मेकॅनिकचे निदान मला पटत नाही. आणि तरीही आमची चूक नाही असेही मला म्हणता येत नाही.

आपण टाकलेल्या दुसऱ्या फोटोत पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे आहेत, रिंग अखंड आहे आणि कार्बोरेटरकडची बाजू जवळपास स्वच्छ आहे. पोर्ट रुंदीला जास्त कापले तर रिंग खिडकीत फुगून कडेला अडकते, तुटते आणि तुकडा सिलिंडरवर खोल ओरखडा पाडतो; आपल्या रिंगला तसे काहीच झालेले नाही. पेट्रोलमध्ये ऑइल घालायचे राहिले असते तर ओरखडे चारही बाजूंनी दिसले असते, म्हणून "ऑइल कमी पडले असेल" असे म्हणून जबाबदारी आपल्यावर ढकलण्याचा प्रश्नही येत नाही. फक्त एक्झॉस्टच्या, म्हणजे सायलेन्सरकडच्या, बाजूला पकडलेला पिस्टन म्हणजे, माझ्या अनुभवाप्रमाणे, मिश्रण पातळ झाल्याची खूण होय: हवा जास्त आणि पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येत असल्याने पेट्रोल कमी झाले की उष्णता वाढते आणि त्याच वेळी ऑइलही कमी पडते.

मिश्रण पातळ का झाले, याची दोन कारणे आपल्याच लिखाणात मला सापडली. पहिले असे की, पूर्ण रेस दिल्यावर मशीन "फडफडल्यासारखा भरडा आवाज" करत होते म्हणून तिथल्या मेकॅनिकने कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळला आणि आवाज स्वच्छ झाला, असे आपण लिहिले आहे. तो भरडा आवाज आम्ही मुद्दाम ठेवला होता. चेन लाकडाबाहेर मोकळी फिरत असताना मिश्रण थोडे जाड असावे लागते, त्यामुळे आवाज फडफडतो. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) लाकडात उतरून लोड आला की तो आपोआप गोळीबंद होतो. हवेत फिरतानाच आवाज स्वच्छ येऊ लागला तर लाकडात ते मशीन पातळ चालते. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते (आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने ते करतात, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करावी), आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागत असल्याने त्याच स्क्रूवर मिश्रण आणखी पातळ होते. म्हणून आम्ही ते मशीन मोकळ्यावर मिनिटाला १२,८०० फेऱ्यांवरच बांधून दिले होते. हे सगळे मशीन देताना आपल्याला समजावून सांगणे आमचे काम होते. त्या संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये नव्हतो, आमच्या मुलाने पैसे घेऊन मशीन हातात दिले, आणि कागदावर फक्त "१ लिटरला २५ मिली ऑइल" एवढेच लिहिले होते. ज्या माणसाला त्या आवाजाचा अर्थ कोणी सांगितलेला नाही, त्याने स्क्रू आवळून घेतला तर त्यात त्याला दोष देता येत नाही.

दुसरे कारण मला जास्त बोचते. मशीन तापल्यावर, रेस सोडूनही फेऱ्या आपोआप चढत होत्या, असे आपण जाता जाता एका ओळीत लिहिले आहे. ही खूण बहुधा कुठून तरी चोरून हवा आत येत असल्याची असते, आणि जुन्या मशीनमध्ये ती बहुतेक वेळा क्रँकच्या ऑइल सीलमधून येते. म्हणून पोर्टिंगच्या आधी आणि नंतर क्रँककेस (सिलिंडरखालचा बंद कप्पा) दोन प्रकारे तपासायची, असा आमचा नियम आहे: आधी ०.५ बार दाबाने हवा भरून ती टिकते का पाहायचे, मग तेवढाच व्हॅक्यूम ओढून तो टिकतो का पाहायचे. दोन्ही करावे लागते, कारण सीलची ओठासारखी कड आतून दाब आला की शाफ्टला घट्ट चिकटते आणि व्हॅक्यूममध्ये उचलली जाते. कडक झालेले जुने सील पहिल्या परीक्षेत पास होऊन दुसरीत नापास होऊ शकते. आपल्या मशीनच्या पानावर दाबाच्या रकान्यात दोन्ही वेळा बरोबरची खूण आहे. व्हॅक्यूमचा रकाना दोन्ही वेळा कोरा आहे.

आधीच झालेल्या उशिरामुळे शेवटी घाई झाली, एवढेच मी त्यावर सांगू शकतो. स्क्रू आवळल्याने पिस्टन गेला की सीलमुळे, हे मशीन न पाहता ठरवता येणार नाही. दोन्ही मिळून गेला असण्याचा संभव जास्त आहे. पण तो रकाना भरला असता तर फार तर काहीशे रुपयांचे सील त्याच वेळी बदलले गेले असते. ही चूक आमची आहे.

आता आकड्याविषयी. "किती एचपी वाढली" असे आपण विचारलेत आणि आम्ही सांगितले नाही, हे खरे आहे. आमच्याकडे डायनॅमोमीटर (ताकद मोजायचे यंत्र) नाही, आणि तो नसताना "तीस टक्के वाढली" असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज आहे, मोजमाप नव्हे. आम्ही जे मोजतो ते लिहून ठेवतो. पिस्टन वरच्या टोकाला असताना त्याच्या आणि हेडच्या मधले अंतर सोल्डरची तार चेपून मोजले, ते कामाआधी ०.९५ मिमी होते आणि तळ लेथवर घेतल्यावर ०.५५ मिमी झाले. एक्झॉस्ट पोर्टची रुंदी बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) ६२ टक्क्यांवर थांबवली, कारण ६५ च्या पुढे आम्ही जात नाही, आणि खिडकीच्या सर्व कडा रिंगसाठी हाताने गोल केल्या. आपल्या मेकॅनिकला मोठे वाटले ते पोर्ट हेच असावे, कारण कडा गोल केल्या की खिडकी नजरेला मोठी भासते. टिंबर मार्केटमधून आणलेल्या ३० सेंमी जाडीच्या निलगिरीच्या ओंडक्यावर तीन-तीन काप घेतले. सरासरी वेळ आधी १९ सेकंद आणि नंतर १४ सेकंद आली, दोन्ही वेळा तीच चेन, नुकतीच कानशीने धार लावलेली. हे आकडे रजिस्टरमध्ये ठेवून आपल्याला न देणे, हे सुद्धा बरोबर झाले नाही. पानाचा फोटो या उत्तराला जोडला आहे.

धारेचा उल्लेख मुद्दाम केला. ताकद वाढवून हवी म्हणून येणाऱ्या पुष्कळ मशीनांना खरे तर इंजिनचे काम लागतच नाही. दातांना धार नसते, किंवा धार लावून लावून दात खाली गेलेले असतात आणि त्यांच्या पुढच्या खोलीमापाला (दात लाकडात किती उतरेल ते ठरवणाऱ्या उंचवट्याला) कोणी हातच लावलेला नसतो, त्यामुळे दात लाकडावरून नुसता घसरतो. ते माप दाताच्या साधारण ०.६५ मिमी खाली आणून दिले की गिऱ्हाईक "पोर्टिंग झाले का?" असे विचारते. अशांना आम्ही धारेचे पैसे घेऊन परत पाठवतो. आपल्या मशीनला तसे सांगितले नाही, कारण आपण दिवसभर मोठे बुंधे कापता आणि आपल्याला त्या पाच सेकंदांचा खरोखर उपयोग होता.

राहिला प्रश्न दुसऱ्या कोणाला निवडण्याचा. तो अधिकार आपला आहे, आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठीही दोन गोष्टी लिहितो. एका दिवसात २,००० रुपयांत जे होते ते बहुतेक वेळा सायलेन्सरला जादा भोक पाडणे एवढेच असते. ते काम वाईट नाही. धूर मोकळा निघाला की मशीन खरेच हलके चालते. पण त्यामुळे हवा जास्त ओढली जाते आणि कार्बोरेटर पुन्हा जाड बांधावा लागतो, आणि भोक पाडताना ठिणगी अडवणारी जाळी काढून फेकून दिली असेल तर उन्हाळ्यात वाळक्या पाल्यात ते मशीन चालवणे धोक्याचे आहे. काम देण्याआधी "जाळी ठेवणार का आणि नंतर कार्बोरेटर बांधणार का" एवढे विचारले, तरी समोरच्याला काम कळते की नाही ते समजते.

उद्यमनगरात टू-स्ट्रोकचे हात असलेले कारागीर कमी नाहीत. आमच्यासारखे कित्येक जण आरएक्स १०० च्या सिलिंडरवर शिकले, आणि घोटाळा तिथेच होतो. मोटारसायकलला गिअर आहेत, मापाचा लांब सायलेन्सर आहे, त्यामुळे तिचे पोर्ट वरच्या फेऱ्यांसाठी उंच कापले तरी चालते. चेनसॉला गिअर नाही, डब्यासारखा सायलेन्सर आहे आणि बार लाकडात दाबल्यावर फेऱ्या उतरतात, तेव्हाच ताकद लागते. मोटारसायकलच्या मापाने कापलेली चेनसॉ हवेत किंचाळते आणि लाकडात दम सोडते. म्हणून ज्याने आपल्याला बार किती इंचांचा, लाकूड कोणते, ओले की वाळलेले, पेट्रोल कुठले भरता, हे एकदाही विचारले नाही, त्याच्याकडे मशीन देऊ नये. कामाआधीची मापे लिहून घेतो का, सील दोन्ही प्रकारे तपासतो का, शेवटची ट्युनिंग लाकडात काप घेऊन करतो का आणि काढलेले पार्ट परत देतो का, हेही विचारावे. ही परीक्षा आम्हाला लावली तर या वेळी आम्ही सीलच्या प्रश्नात नापास झालो, हे वर कबूल केलेच आहे; पार्ट परत देण्याचे शेवटी सांगतो. आणि मशीन वॉरंटीत असेल तर कोणाकडेच देऊ नये, कारण सिलिंडरला कानस लागली की कंपनी हात वर करते, आणि त्यात कंपनीचे काही चुकत नाही.

आपल्यासाठी आमचा प्रस्ताव असा आहे. नवा पिस्टन, रिंग आणि दोन्ही सील आमच्या खर्चाने बसवू, मजुरी घेणार नाही. सिलिंडरवर चिकटलेले ॲल्युमिनियम काढल्यावर आतला मुलामा शाबूत निघाला तर तोच सिलिंडर वापरू. मुलामा गेला असेल तर नव्या सिलिंडरची निम्मी किंमत आम्ही देऊ, आणि त्यावर पुन्हा पोर्टिंग हवे की कंपनीचे आहे तसेच ठेवायचे, हे आपण ठरवावे. व्हॅक्यूमची तपासणी आपल्या समोर करू आणि रकाना आपल्याच हाताने भरून घेऊ. अभिप्राय बदलावा किंवा काढावा, अशी कोणतीही अट नाही.

येताना एवढे करावे: मशीन पुन्हा उघडू नये, स्क्रू आज जिथे आहे तिथेच राहू द्यावा आणि टाकीतले उरलेले पेट्रोल ओतून टाकू नये, म्हणजे मिश्रण कशाने पातळ झाले ते पाहता येईल. आपले जुने गॅस्केट पिशवीत घालून आमच्याकडे ठेवले आहे. तेही त्या दिवशी द्यायचे राहिले होते.

आपला,
वर्कशॉपचा मालक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर